शिलाईतली माया

दोनशे नंबर शिवायचे होते, छातीवर लावायचे,
पांढऱ्या मांजरपाटावर निळा आकडा.
तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीन यावी
म्हणून लोक धावणार होते, पाच किलोमीटर.
शिवून झाले. कापड उरलं वीतभर.
मी दोनशे एक शिवला.
एवढंच कारण.
कोणी विचारलं तर वासुदेव भाऊजींचं नाव सांगते,
जे आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीनं वर्ध्याला जातात
आणि रात्री परत येतात
पिळून वाळत घातल्यासारखे.
तेही खोटं नाही.

प्रणोती कुमरे पोलीस भरतीत चार सेकंदांनी राहिली.
तिच्याकडे घड्याळ आहे, गळ्यात दोरीनं अडकवलेलं.
जिनिंगच्या फाटकापाशी म्हणाली,
"मावशी, आज मोजून धावजो.
दीड महिना झाला, नुसती हुंदडून राहिली तू."
मग वाकून माझ्या बुटाची नाडी पुन्हा बांधली.
बूट पुतण्याचे, पुढे चिंध्या कोंबलेल्या.
अंधार होता. ट्रकांवरून उडालेला कापूस
बाभळींच्या काट्याकाट्याला लागलेला.

"हं. जाय."

बावीस वर्षं पायडल मारलं मी,
एकाच खोलीत, एकाच खिडकीसमोर.
पायांना वाटलं असेल,
आता तरी ही कुठे निघाली.

पहिला किलोमीटर उरकला
लग्नघरच्या ब्लाउजसारखा, घाईघाईत.
दुसऱ्यात बरगडीखाली सुई रुतली,
बारीक नव्हे, गोधडीची.
दुधाच्या गाडीवरून गजू धांदे ओरडला,
"काकू, कोन मागं लागलं वं?"
उत्तराला श्वास नव्हता. हात केला फक्त.

नहराच्या पुलावरून वळायचं.
पाणी कमी, वाफ जास्त,
एक बगळा, माझ्याकडे ढुंकून न पाहणारा.
मी कठड्याला शिवले
(हात लावला म्हणते, ते दुसरं शिवणं नव्हे)
आणि फिरले.

गावातल्या सगळ्या बायांची मापं माझ्या वहीत आहेत.
कोण बाळंतपणानंतर दोन इंच वाढली,
कोण एका वर्षात तीन इंच आटली,
आणि का.
कुणाचं कुणाला सांगितलं नाही कधी.
माझं माप मात्र कोणी घेतलेलं नाही.
माझं ब्लाउज मी अंदाजानं शिवते.

चौथ्या किलोमीटरला चालले.
खरं सांगते, चाललेच,
तुरीचं एक अख्खं वावर सरेपर्यंत.
मग फाटकावरचा दिवा दिसला, लाज वाटली,
पळाले.

"त्रेचाळीस मिनिटं, अकरा सेकंद."
माझे हात गुडघ्यांवर, तोंडात लोखंडाची चव.
म्हटलं, "त्रेचाळीसच लिही ना वं पोरी.
अकरानं काय होते?"
ती घड्याळाकडे पाहत राहिली.
अंगठ्यानं काच पुसली, स्वच्छच होती ती.
मग म्हणाली,
"होते, मावशी."

आम्ही शिवताना माया सोडतो.
बाजूच्या शिलाईत इंचभर कापड, आत दुमडलेलं;
उद्या बाई भरली
तर उसवून मोकळं करता यावं.
तिच्या भरतीत कोणी सोडली नव्हती.

लिही म्हटलं, अकरा.

घरी येऊन वही काढली.
कोरं पान, वर नाव: नलिनी थोटे.
छाती, कंबर, बाही, सगळं रिकामं ठेवलं.
खाली ४३.११.
दारात कांता उमाटे केव्हाची उभी,
"काल देतो म्हणे ब्लाउज,
अन् सकाळपासून हिचा पत्ता नाही."
बस म्हटलं, हुकच राहिलेत,
अन् एक टीप.
पायडलवर पाय ठेवला.
तो अजून थरथरत होता.
मशीन चार टाके पुढे गेली,
कापडाशिवाय.